शाळेचेही प्रगतिपुस्तक हवे

एप्रिल सरत आला की महाराष्ट्रातील शाळांना निकालाचे वेध लागतात. वर्षानुवर्षांच्या प्रथेप्रमाणे १ मेच्या सुमारास आईबाप शाळेत येतात, मुलाचे प्रगतिपुस्तक हाती घेतात, वर्गशिक्षकांचा निरोप घेतात आणि सुट्टी सुरू होते. मुलाला गणितात किती गुण पडले, त्याची उपस्थिती किती, वर्तणूक कशी, या सर्वांचा हिशेब त्या चार पानांत असतो. मात्र ज्या शाळेच्या स्वाधीन आपण आपले मूल वर्षातील दोनशेहून अधिक दिवस करतो, त्या शाळेने आपले कर्तव्य कसे पार पाडले, याचा हिशेब कोणी देत नाही. आणि त्याहून खेदाची गोष्ट अशी की, तो कोणी मागतही नाही. परीक्षा फक्त मुलाची होते. शाळेची, संस्थेची आणि सरकारची होत नाही.

स्नेहसंमेलनात वार्षिक अहवाल वाचला जातो, हे खरे. पण त्या अहवालात असते काय? शालान्त परीक्षेचा निकाल, क्रीडास्पर्धांत मिळालेल्या ढाली, देणगीदारांची नामावळी आणि प्रमुख पाहुण्यांचे आभार. वर्गाचे छत गळते का, पाण्याची टाकी वर्षातून किती वेळा धुतली गेली, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, एखाद्या मुलाने तक्रार केली तेव्हा तिचे पुढे काय झाले, याविषयी त्यात अवाक्षर नसते. मिरवण्याजोगे तेवढे सांगायचे आणि जिवाशी येणारे झाकून ठेवायचे, अशी ही रीत आहे. ती मोडली पाहिजे. शैक्षणिक वर्ष संपताना प्रत्येक शाळेने पालकांसमोर मुलांच्या सुरक्षिततेचा लेखी अहवाल ठेवलाच पाहिजे, अशी मागणी आम्ही आज मांडत आहोत. राजकीय घडामोडींच्या धामधुमीत ही मागणी काहींना क्षुल्लक वाटेल. ती क्षुल्लक नाही, हे गेल्या तीस वर्षांतील काही तारखाच सांगतील.

अगोदर ठाऊक असलेले अपघात

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू असताना मांडवाला आग लागली. चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत मुलांचीच संख्या मोठी होती. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळून गेली. एका अरुंद इमारतीत तेथे तीन शाळा भरत होत्या. त्यानंतर बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या खेड्यात दुपारच्या जेवणातून कीटकनाशकाची बाधा होऊन २३ मुले मरण पावली. आणि अगदी अलीकडे, २५ जुलै २०२५ रोजी, राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेचे छत भर वर्गावर कोसळले. ७ मुले दगावली.

या घटनांना आपण 'अपघात' म्हणतो, आणि त्या एका शब्दाने सर्वांची सुटका होते. वस्तुतः यांतील एकही संकट आकाशातून पडलेले नव्हते. कुंभकोणमचे झावळ्यांचे छप्पर रस्त्याने जाणाऱ्याला दिसत होते. मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्यांना तेवढे दिसले नाही. गंडामनच्या स्वयंपाकिणीने तेलाविषयी शंका घेतली होती आणि ती बाजूला सारली गेली, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. पिपलोदीत छतातून खडे पडत आहेत, हे मुलांनीच सांगितले होते आणि त्यांना जागेवर बसण्यास फर्मावण्यात आले, असे बचावलेल्या मुलांचे म्हणणे वृत्तपत्रांत आले. प्रत्येक ठिकाणी कोणाला ना कोणाला धोका अगोदर ठाऊक होता. ज्याला ठाऊक होता तो लहान होता, गरीब होता, मानधनावर राबणारा होता. म्हणून त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. ज्याच्या शब्दाला किंमत होती, त्याला धोका ठाऊक करून घेण्याची गरज वाटत नव्हती. शाळांच्या असुरक्षिततेचे मर्म येथे आहे. विटा, वाळू आणि पैसा यांचा प्रश्न आहेच. पण त्याच्याही मुळाशी कोणाचे ऐकले जाते आणि कोणाचे ऐकले जात नाही, हा प्रश्न आहे. समाजवादी कार्यकर्त्याला तो अपरिचित असण्याचे कारण नाही.

बदलापूरने हेच अधिक दाहकपणे दाखविले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर होता. मुलींनी घरी सांगितले. घरच्यांनी विश्वास ठेवला. आणि तेथून पुढे सर्व दारे बंद झाली. तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना पोलिस ठाण्यात सुमारे बारा तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले, तेव्हा कोठे शासनाला जाग आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. चार वर्षांच्या मुलीचे म्हणणे ऐकले जावे यासाठी तासन् तास लोकलगाड्या थांबवाव्या लागतात, ही कोणत्याही सुसंस्कृत राज्याला लाजिरवाणी गोष्ट आहे.

परिपत्रके आणि कॅमेरे

या प्रक्षोभानंतर राज्य शासनाने घाईघाईने शासन निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, 'सखी सावित्री' समिती स्थापन करा, असे त्यात बजावण्यात आले. यांपैकी एकही सूचना वाईट नव्हती. परंतु 'सखी सावित्री' समिती तर मार्च २०२२ मध्येच विहित झालेली होती. अडीच वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागले, याचा अर्थ पहिले परिपत्रक पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापकांच्या फायलीतच विसावले होते. कॅमेऱ्यांचे म्हणाल तर, बदलापूरच्या त्या शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. कॅमेरा पाहतो, पण त्याने पाहिलेले कोणी जपून ठेवायचे, कोणी तपासायचे आणि कोणाला सांगायचे, हे ठरविणारी माणसेच असतात. ती माणसे पालकांना उत्तरदायी नसतील, तर कॅमेरा हा भिंतीवरचा आणखी एक खिळा होय.

यंत्रे आणि पहारे यांच्या भरवशावर किती विसंबावे, याचा धडा अमेरिकेने दिला आहे. तेथे शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक घटकाकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते. वर्ष संपताना हे घटक पालकांना पत्र पाठवितात आणि सुरक्षिततेसाठी काय केले, पुढे काय करणार, हे त्यात कळवितात. जिल्हा स्कूल बोर्डांचा काळ पाहिलेल्या आपल्याकडील जुन्या पिढीला निवडून दिलेल्या शाळा मंडळाची कल्पना नवी वाटणार नाही. पालकांना लिहून कळविण्याची ती चाल घेण्याजोगी आहे. पण त्या पत्रांतील मजकूर पाहिला तर मन विषण्ण होते. कारण त्यात कुलपे, सशस्त्र पहारेकरी आणि गोळीबार झाल्यास मुलांनी कोठे लपावे याच्या कवायती यांनाच मोठी जागा असते. शस्त्रांच्या बाजाराला हात लावायचा नाही आणि शाळांचे किल्ले करायचे, असा तो मार्ग आहे. टेक्सासमधील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी, सुट्टी लागण्यास दोनच दिवस उरले असताना, एका बंदूकधाऱ्याने प्राथमिक शाळेत शिरून १९ मुलांना आणि २ शिक्षिकांना ठार केले. तेथील स्कूल डिस्ट्रिक्टचे स्वतःचे पोलिस दल होते. त्या दिवशी निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. तरी वर्गात प्रवेश करण्यास त्यांनी ७७ मिनिटे घेतली. त्या काळात वर्गात अडकलेली मुले दूरध्वनीवरून पोलिसांना बोलावीत होती. देश बदलला, संपत्ती बदलली, तरी प्रश्न तोच राहिला: मूल सांगत होते आणि ऐकणारा दाराबाहेर उभा होता.

कायद्याने दिलेले, आपण न घेतलेले

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. कुंभकोणमच्या अग्निकांडातून उद्भवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्णय देताना, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे स्पष्ट केले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने पक्की इमारत, पिण्याचे सुरक्षित पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, कुंपण आणि अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश यांचे मानक घालून दिले; मारहाण आणि मानसिक छळ यांना मनाई केली. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने बालकावरील लैंगिक अपराधाची खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक केले. आपल्या हाताखालच्या माणसाचा असा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. संस्थेची अब्रू वाचविण्यासाठी प्रकरण 'आपसात मिटविणे' हा आज केवळ नैतिक दोष नाही. तो गुन्हा आहे.

याहून महत्त्वाची आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानुसार तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान मिळाले पाहिजे. शेतमजूर बाईला, विटभट्टीवरच्या बापाला, तांड्यावरच्या आजोबांना शाळेच्या कारभारात हक्काने बोलण्याची जागा कायद्याने दिली आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी, ज्या रयतेच्या घामातून सरकारचा महसूल येतो तिच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हे ठणकावून सांगितले होते. त्या रयतेच्या वारसाला आज समितीत खुर्ची आहे. पण व्यवहारात काय होते? सभेची नोटीस निघते, इतिवृत्त अगोदरच लिहिलेले असते, आणि वही घरी नेऊन सही किंवा अंगठा घेतला जातो. अधिकार आहे, पण तो वहीत मिटलेला आहे.

खाजगी विनाअनुदानित शाळांना तर ही समितीही लागू नाही. तेथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्याखालील पालक-शिक्षक संघ आहे. पण त्याचा विचार शुल्काच्या आकड्यापुढे क्वचितच जातो. भरमसाट शुल्क भरणारा पालक स्वतःला गिऱ्हाईक समजतो, आणि गिऱ्हाइकाला तक्रार करता येते, कारभार विचारता येत नाही. मुलाला वेगळी वागणूक मिळेल या भीतीने तो तक्रारही करीत नाही. गरिबाला संकोच आणि मध्यमवर्गीयाला भीती, अशा दोन्ही बाजूंनी शाळेचे दार पालकाला बंद होते.

अहवालात काय असावे

आम्ही सुचवितो तो अहवाल दोन पानांहून मोठा असण्याचे कारण नाही. इमारतीची तपासणी कोणी, केव्हा केली आणि कोणत्या खोल्या धोकादायक ठरल्या. अग्निशमन साधन आहे का, ते वापरण्यास कोणाला शिकविले, मुलांना बाहेर काढण्याची रंगीत तालीम झाली का. पाण्याची तपासणी, टाकीची सफाई आणि पोषण आहाराच्या धान्याची साठवण कशी होते. मुलींसाठी चालू स्थितीतील स्वच्छतागृहे किती. शाळेत ये-जा करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असो वा कायम, नोंद व पडताळणी झाली का. मुले कोणत्या वाटेने व कोणत्या वाहनाने येतात. वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि त्यांचा निकाल काय लागला. तक्रारदार मुलाचे नाव अर्थातच कोठेही येता कामा नये. आणि शेवटी, जे झाले नाही ते का झाले नाही, कोणाकडे पत्र लिहिले आणि त्याचे उत्तर काय आले, हेही त्यात यावे.

वाटेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. कमी पटाच्या शाळा बंद करून किंवा एकत्र करून मुलांना दूरच्या शाळेत धाडण्याच्या योजना जेव्हा जेव्हा पुढे येतात, तेव्हा खर्चाची बचत मांडली जाते. पावसाळ्यात ओलांडावा लागणारा ओढा मांडला जात नाही. सुनसान वाटेवरून एकटी जाणारी सातवीतली मुलगी कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. शाळा सुटते ती बहुधा तिचीच. वाडीवरची शाळा टिकविणे हा सुरक्षिततेचाच कार्यक्रम आहे.

या मागणीवर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल: आमच्यावर आधीच कागदांचा भार आहे, त्यात आणखी एक. त्यांचे म्हणणे खोटे नाही. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे आणि रोजची ऑनलाइन माहिती यांत शिक्षक पिचला आहे. आणि शिपाई नाही, कारकून नाही अशा शाळेत मुख्याध्यापकच घंटाही वाजवितो. म्हणूनच आमची मागणी शिक्षकाच्या विरुद्ध नाही. गळक्या छताविषयी मुख्याध्यापकाने वरिष्ठांना पाच पत्रे लिहिली आणि एकाचेही उत्तर आले नाही, हे पालकांसमोर लेखी आले, तर उद्या छत कोसळल्यावर त्यालाच एकट्याला निलंबित करून मंत्र्यांना हात झटकता येणार नाहीत. खरा अहवाल हे प्रामाणिक शिक्षकाचे संरक्षण आहे. शिक्षक संघटनांनी ही मागणी आपली म्हणून उचलावी, असे आमचे त्यांना आवाहन आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचा आग्रह धरला. साठ वर्षे लोटली, तरी ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. पैसा नाही म्हणणाऱ्या शासनाने नेमके कोणत्या शाळेत काय नाही, हे तरी लोकांना सांगावे. उणिवांची गावोगावची यादी हातात असेल, तर अंदाजपत्रकावरचा लढा घोषणांच्या पलीकडे जाईल.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येण्याचा संभव आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. आपल्या चळवळीतील अनेक साथी शिक्षणसंस्था चालवितात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली ती लोकांच्या मूठमूठ धान्यावर आणि विश्वासावर. तो वारसा आपण अभिमानाने सांगतो. मग पहिला अहवाल आपल्या शाळांनी प्रसिद्ध करावा. 'संस्थेची बदनामी होईल' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. दुसऱ्याकडे उत्तरदायित्व मागणाऱ्याने आधी स्वतःची वही उघडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१ मे हा महाराष्ट्र दिन आहे, कामगार दिन आहे आणि प्रथेने गावोगावच्या ग्रामसभेचाही दिवस आहे. निकालाचा आणि ग्रामसभेचा दिवस असा जवळजवळ आलेला असताना पक्षाच्या शाखांनी तो वाया दवडू नये. प्रत्येक शाखेने आपल्या टापूतील निदान एक शाळा निवडावी. व्यवस्थापन समितीचे सदस्य कोण, हे शोधून त्यांना, विशेषतः स्त्री-सदस्यांना, त्यांचा अधिकार घरी जाऊन समजावून द्यावा. अनेकींना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते. शाळेच्या उणिवांचा ठराव ग्रामसभेत मांडावा. शहरांत वॉर्डातील पालकांच्या सभा घ्याव्यात. उत्तर मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. आणि हे सर्व मे महिन्यातच व्हावे. कारण छप्पर दुरुस्त होऊ शकते ते सुट्टीत, आणि जून उजाडला की पाऊसही येतो आणि मुलेही येतात.

आणखी एक काम आहे, आणि त्याला ठराव लागत नाही की निधी लागत नाही. शिपाई, स्वयंपाकीण, रिक्षाचालक, सफाई कामगार यांच्याशी बोलावे. कंत्राटी माणूस म्हणजे संशयित, असा एक विषारी समज बदलापूरनंतर पसरला. दोष कामगाराच्या गरिबीचा नाही. माणूस कोण, कोठला हे न पाहता स्वस्तात माणसे पुरविणाऱ्या आणि काही घडले की जबाबदारी परस्परांवर ढकलणाऱ्या पद्धतीचा तो दोष आहे. शाळेत काय बिनसले आहे, हे या माणसांना सर्वांआधी कळते. त्यांची नोकरी सुरक्षित असेल, तरच ती बोलतील. आणि ती बोलतील, तरच मुले सुरक्षित राहतील. कामगारांचा प्रश्न आणि मुलांचा प्रश्न येथे एक होतो.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. मूल शाळेत पाठविणे ही पालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व शतकापूर्वीच आपण मान्य केले. त्याची दुसरी बाजू अद्याप मान्य व्हायची आहे: सकाळी शाळेत आलेले मूल संध्याकाळी हसतखेळत घरी परतावे, ही शाळेची आणि शासनाची जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब दरवर्षी, लेखी आणि चारचौघांत दिला गेला पाहिजे. यंदा प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने एवढेच विचारावे: आमच्या मुलाचे गुण कळले, गुरुजी; आता शाळेचे सांगा.